लगडीच्या पोटात काय आहे?

मोहर्लीच्या पंचक्रोशीत चांदी पिकत नाही. बाकी बाबतीत चंद्रपूर-गडचिरोलीच्या जमिनीने हात आखडता घेतलेला नाही. कोळसा आहे, सूरजागड आणि लोहाऱ्याला लोहखनिज आहे, ठाणेवासनाला तांबं सापडलं आहे, वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त करून ठेवली आहे आणि वैनगंगेच्या खोऱ्यात वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणारे सोनझारीही होते. चांदी तेवढी नाही. त्यामुळे ताडोब्याच्या या दाराशी कुणाच्या पेटीत किंवा उतरंडीच्या तळाशी चांदीची जुनी लगड निघाली, तर ती बाहेरून आलेली चांदी आहे एवढं पहिल्याच क्षणी सांगता येतं. आणि ती लगड म्हणून आलेली असण्याचा संभव कमी.

इकडच्या गावांत चांदी आली ती मुख्यतः रुपयाच्या रूपाने. १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेत पोतोसीचा डोंगर हाती लागल्यावर तिथली चांदी युरोपमार्गे सुरतेच्या बंदरात उतरू लागली, टांकसाळीत गेली, रुपया होऊन बाजारात आली. कंपनी सरकारने १८३५ मध्ये देशभरासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. पहिल्या महायुद्धात रुपये पाडायला चांदी कमी पडली, तेव्हा १९१८ मध्ये अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानासाठी दिली. तेंदू, लाख, डिंक, मोहफूल विकून आलेला रुपया गावात दोनच कामी यायचा. एक सारा किंवा सावकार, दुसरं सोनार. सोनाराकडे गेलेल्या रुपयाच्या सऱ्या, हसळ्या, तोडे, वाळे, गोट झाले. पुढे कधीतरी वाटण्या झाल्या, दागिन्याची फॅशन गेली, नाहीतर लग्नाला पैसा कमी पडला, आणि ते सगळं एका मुशीत आटून लगड तयार झाली.

ही वंशावळ लक्षात ठेवली की पुढचं बरंच सोपं जातं. १९३९ पर्यंतचा रुपया ९१.७ टक्के चांदीचा. १९४० पासून सरकारने त्यात चांदी निम्मी केली आणि बाकी तांबं, निकेल, जस्त घातलं. १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा, त्यात चांदी नावालाही नाही. म्हणजे आजीच्या चांगल्या काळातल्या रुपयांची लगड असली तरी ती शंभर नंबरी असण्याचं कारण नाही. त्यात दागिन्यांचे सांधे जोडायला वापरलेला डाग मिसळतो, आणि डागात जस्त-पितळ असतंच. घरगुती लगडीत हीण निघालं की सोनाराने फसवलं असं आपण लगेच म्हणतो. पुष्कळदा ते हीण सरकारी टांकसाळीचं असतं.

लगड हातात आली की माणूस एका दमात तीन गोष्टी विचारतो. खरी आहे का, चांगली आहे का, जुनी म्हणून जास्त किंमत येईल का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तीन वेगळ्या ठिकाणी मिळतात. गल्लत इथेच होते, आणि फसवणाऱ्याचा धंदाही याच गल्लतीवर चालतो.

पहिला प्रश्न, ही चांदी आहे का? यावर मोबाईलवर हजार तोडगे फिरतात. लगडीवर बर्फ ठेवा, झपाट्याने वितळला तर खरी. चांदी सगळ्या धातूंत उत्तम उष्णतावाहक आहे हे खरं, पण तांबं तिच्या इतकं जवळ आहे की बर्फाला दोघांतला फरक कळत नाही. तांब्याच्या ठोकळ्याला चांदीचा मुलामा दिला तरी बर्फ तसाच पळणार. लोहचुंबक लावून पाहा म्हणतात. जरूर पाहा, चिकटला तर विषय संपला. पण न चिकटल्याने काही सिद्ध होत नाही, कारण तांबं, शिसं, पितळ, जस्त, जर्मन सिल्व्हर यांतलं काहीच सहसा चिकटत नाही. जर्मन सिल्व्हरमध्ये तर सिल्व्हर नसतंच. तांबं, निकेल, जस्त यांची ती भेसळ. ‘ईपीएनएस’ असा छाप दिसला तर तो जर्मन सिल्व्हरवर विजेने चढवलेल्या चांदीच्या पातळ थराचा छाप आहे, हे ध्यानात ठेवावं.

काळेपणावर तर फारच विश्वास ठेवला जातो. हवेतल्या गंधकयुक्त वायूने चांदीवर सल्फाइडचा काळा थर धरतो हे बरोबर. पण गंधकाच्या द्रावणात बुडवली तर कालची लगडही तेवढीच काळी होते. मातीत खरोखर शंभर-दोनशे वर्षं राहिलेली चांदी नुसती काळी नसते. मातीतल्या क्षारांनी तिच्यावर क्लोराइडचा करडा-जांभळट, जरा ठिसूळ थर बसतो आणि तिच्यात तांबं असेल तर ते हिरव्या डागांनी बाहेर येतं. बूटपॉलिश लावल्यासारखी एकसारखी काळी लगड ‘शेतात निघाली’ म्हणून कुणी विकायला आणली, तर शेताविषयीच शंका घ्यावी.

घरच्या घरी करण्याजोगी, लगडीला ओरखडाही न काढणारी आणि तरी काही सांगणारी परीक्षा एकच, घनतेची. भांडी फार लागत नाहीत. एक दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्यावा. त्यावर प्लॅस्टिकचा डबा ठेवून त्यात लगड बुडेल इतकं पाणी भरावं आणि काटा शून्यावर आणावा. लगड दोऱ्याने बांधून वरून पाण्यात सोडावी. ती पूर्ण बुडाली पाहिजे, पण तळाला किंवा काठाला टेकता कामा नये, आणि अंगाला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटकून टाकावेत. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर लगडीचं आकारमान. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता.

समजा लगड ५० तोळ्यांची, म्हणजे ५८३.२ ग्रॅमची आहे. चांदीची घनता १०.४९. शुद्ध चांदी असेल तर काट्यावर ५५.६ यायला हवेत. ६८ च्या आसपास आले तर ते जर्मन सिल्व्हर किंवा पितळेच्या जातीचं काहीतरी. ८१ च्या आसपास आले तर कथील किंवा जस्त. ५१-५२ आले तर हे चांदीपेक्षाही जड आहे, म्हणजे शिशाचा संशय. आणि ५८ आले तर? घनता १०.०६ भरते. मिसळलेला धातू तांबं असेल, तर लगडीत साधारण चौथा हिस्सा तांबं आहे. इथे काटा नीट हवा. या वजनाच्या लगडीत एका ग्रॅमची चूक झाली तरी तांब्याचा अंदाज दहा टक्क्यांनी हलतो, म्हणून स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमच्या काट्यावर कुणाशी भांडायला जाऊ नये. ओबडधोबड ओतलेल्या लगडीत पोकळ्या राहतात, त्याही घनता कमी दाखवतात.

ही परीक्षा खोटं पकडते, खरेपणाची हमी देत नाही. कारण शिसं चांदीपेक्षा जड आणि तांबं हलकं. वजनाने सुमारे सत्तर भाग शिसं आणि तीस भाग तांबं यांचा जोड जमवला की घनता बरोबर १०.४९ येते. शिशाच्या पोटात तांब्याचे तुकडे, वरून चांदीचं जाड कवच, की पाण्याचा काटा खूश. म्हणून शेवटी पोट पाहावंच लागतं.

सराफ हेच करतो. चंद्रपूरच्या सराफ्यात लगड घेऊन गेलात तर ती हातात तोलून, कडेला नख लावून, एका बाजूने वाजवून झाल्यावर तो विचारणार, “काकाजी, छिन्नी मारून पाहू का?” यावर “मारा ना बाप्पा” म्हणणारा गिऱ्हाईक त्याला आवडतो, नको म्हणणाऱ्याच्या लगडीकडे तो दुसऱ्यांदा पाहतो. छिन्नी अर्ध्या जाडीपर्यंत घालून लगड वाकवली की तुटलेला भाग बोलू लागतो. चांगली चांदी मऊ असते, चट्कन मोडत नाही, आणि आतून पांढरी शुभ्र दिसते. तांबं वाढलं की छेदात पिवळट-लालसर झाक येते. शिसं असेल तर राखाडी मऊ लगदा दिसतो, त्याला नख लागतं. वाजवण्यातही अर्थ आहे. चांदीची लगड टांगून ठोकली तर आवाज रेंगाळतो, शिशाची लगड ‘ठप्प’ म्हणून गप्प बसते.

छेदाऐवजी नुसता वरचा भाग पाहून निकाल देणारं यंत्र आता बहुतेक सराफ्यांत आलं आहे. क्ष-किरण सोडायचे, धातूतून परत येणाऱ्या किरणांवरून कोणता धातू किती ते मोजायचं. मिनिटभरात टक्केवारी छापून येते आणि लोकांना कागद दिसला की भक्ती वाटते. यंत्र खोटं बोलत नाही, पण ते फक्त कातडी वाचतं. किरण परत येतात ते साधारण केसाच्या जाडीएवढ्या थरातून. आणि जुन्या चांदीची कातडी तर नेहमीच पोटापेक्षा उजळ असते. सोनार काम झालं की दागिना तापवतो, मग चिंचेच्या किंवा पातळ आम्लाच्या पाण्यात उकळतो. तापवताना पृष्ठभागावरचं तांबं हवेशी मिळून काळं होतं, आंबट पाण्यात ते विरघळतं, आणि वर जवळजवळ निव्वळ चांदी उरते. यालाच उजळवणं म्हणतात, त्यात लबाडी नाही. मातीत पुरलेल्या चांदीला हेच काम जमीन शेकडो वर्षं सावकाश करत असते. जुन्या रोमन नाण्यांत चांदी किती होती याचे काही आधीचे आकडे याच कारणाने फुगलेले निघाले. म्हणून यंत्रावर लगड ठेवायची असेल तर आधी एक खोल घासणी काढून घ्यावी, आणि तीही दोन-तीन जागी.

दोन-तीन जागी का, याला कारण आहे. चांदी-तांब्याचा रस मुशीतून ओतला की तो सगळीकडे एकाच वेळी गोठत नाही. कडा आधी थंड होतात, मध्य नंतर, आणि दोन्हीकडे धातूंचं प्रमाण थोडं वेगळं बसतं. टांकसाळीतल्या पारख्यांना ही डोकेदुखी फार जुनी. जाड लगडीत वरून एक, खालून एक आणि मध्यातून एक असा बुरा ड्रिलने काढून एकत्र तपासला तरच आकडा त्या लगडीचा म्हणता येतो. नाहीतर तो एका कोपऱ्याचा आकडा.

या आकड्याला बाजारात ‘टंच’ म्हणतात. टंच अठ्ठ्याहत्तर म्हणजे शंभर भागांत अठ्ठ्याहत्तर भाग चांदी. आणि टंच काढण्याची, चांदी-सोनं आटवून शुद्ध करण्याची विद्या भारतभर पोचवली ती मराठी माणसांनी, याचा आपल्याकडे फारसा गाजावाजा नाही. सांगली जिल्ह्यातले खानापूर-विटा आणि आटपाडी, साताऱ्यातले खटाव आणि माण हे पाऊस नसलेले तालुके. तिथल्या पोरांनी शेतीचा नाद सोडून गलाईची भट्टी हाती घेतली आणि गल्ली-बाजार शोधत ते देशभर पसरले. आज उत्तरेतल्या किंवा दक्षिणेतल्या कुठल्याही मोठ्या गावच्या सराफ्यात मागच्या बोळात शिरलात तर भट्टीपाशी मराठीत फोनवर बोलणारा माणूस भेटण्याचा संभव मोठा. गलाईवाला चांदी कशी सोडवतो ते पाहण्यासारखं असतं. हिणकस चांदी तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात विरघळवली की तपकिरी धूर उसळतो (या धुरापायी हे काम घरच्या मोरीत करू नये) आणि तांबं असेल तर द्रावण निळं-हिरवं होतं. मग त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडतात. तांबं स्वतः द्रावणात उतरतं आणि चांदीला बाहेर काढतं. पट्टीवर करड्या रंगाचा स्पंजासारखा गाळ धरू लागतो. तो धुऊन, सवागी घालून वितळवला की पांढरी चांदी. करड्या गाळातून पांढरा रस निघताना पाहिला की पुस्तकातलं रसायनशास्त्र एकदम पटतं.

टंच काढायची प्रयोगशाळेतली पद्धत याच द्रावणापासून सुरू होते, पण तिथे मीठ लागतं. चांदीच्या द्रावणात मिठाचं पाणी पडलं की दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो. साका बसणं थांबेपर्यंत किती मीठ लागलं ते अचूक मोजलं की चांदी किती हे कळतं. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांनी ही रीत पॅरिसच्या टांकसाळीसाठी बसवली, ती १८३० च्या सुमारास. पुढे जर्मनीच्या फोलहार्ड यांनी मिठाऐवजी थायोसायनेट वापरलं, त्यात शेवट आला की द्रावण लाल होतं. घाण किंवा वरचा मुलामा काहीही असो, सबंध नमुना विरघळलेला असल्याने इथे कातडी-पोट हा भेद राहत नाही.

टंच कळला की किंमत काढणं हे तिसरी-चौथीचं गणित आहे, पण त्यातही एक खड्डा आहे. आजोबांच्या चिठ्ठीत ‘५० तोळे’ लिहिलं असेल तर ते ११.६६ ग्रॅमचे तोळे. आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात १० ग्रॅम असतात. पन्नास तोळ्यांत ८३ ग्रॅमचा फरक पडतो. म्हणून बोलणं ग्रॅममध्येच करावं. ५८३.२ ग्रॅम आणि टंच ७८ म्हणजे शुद्ध चांदी ४५५ ग्रॅम. तिला त्या दिवसाचा शुद्ध चांदीचा भाव, त्यातून गलाईची मजुरी आणि घट वजा. घट किती धरणार हे सराफाला आधीच विचारावं, कारण भाव सगळ्यांचा सारखा असतो, फरक घटीत असतो. नमुना म्हणून काढलेला बुरा वजनात धरायला लावावा.

लगडीवर ‘९९९’ किंवा ‘९२५’ असा शिक्का असेल तर? शिक्का मारायला एक पंच आणि हातोडी पुरते. भारतात चांदीचं हॉलमार्किंग २००५ मध्ये आलं, त्यामुळे आजोबांच्या लगडीवर ते असणार नाही. असलंच तर आजोबांविषयी नव्हे, लगडीविषयी विचारपूस करावी.

आता तिसरा प्रश्न, जुनी म्हणून जास्त किंमत. इथे बहुतेकांची निराशा होते, आणि माझ्या मते ती व्हायलाच हवी. लगडीला वय नसतं. मुशीत गेलेल्या चांदीचा इतिहास त्याच मुशीत संपतो. शिवकालीन नाणं असो की १९४२ चा रुपया, आटल्यावर वयाच्या बाबतीत दोन्ही सारखेच. जुन्या विटेला धातूपलीकडे किंमत येते ती तिच्यावर टांकसाळीचा किंवा शुद्धीकरण कारखान्याचा ठसा, क्रमांक आणि मागे एखादी सिद्ध करता येणारी हकीकत असेल तर. नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेलं ‘तिलावा’ हे जहाज जपानी पाणबुडीने बुडवलं, २८० माणसं गेली. त्यात दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी चाललेल्या चांदीच्या २,३६४ विटा होत्या. त्या २०१७ मध्ये समुद्रतळातून काढल्या आणि मालकी कुणाची यावरचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. अशा विटेमागे कागदपत्रांची चळत असते. मोहर्लीच्या लगडीमागे बहुधा एक सोनार आणि एक अडलेला खर्च असतो.

उलट, न आटवलेल्या वस्तूला धातूपेक्षा जास्त मोल असू शकतं. जुनी गोंडी हसळी, झिजलेले तोडे, हाताने ओतलेले वाळे यांचे नमुने गोळा करणारी संग्रहालयं आणि संग्राहक आहेत. सराफ मात्र त्यांना वजनातच मोजतो, कारण त्याचा धंदा तो. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या सुमारे १,६०० नाण्यांचा ठेवा सापडला. ती चांदीची नव्हतीच, तांबं-कथील-शिशाच्या हिणकस मिश्रणाची होती. भंगारात किलोवर गेली असती. पण त्या नाण्यांवरून सातवाहन राजांची यादी दुरुस्त करावी लागली. पेटीत दागिने आणि लगड दोन्ही असतील आणि पैशाची निकड असेल, तर आधी लगड विकावी आणि दागिना शक्यतो तसाच ठेवावा, असं मी सांगेन.

लगड पेटीत नव्हे, जमिनीत सापडली असेल तर प्रकरण सराफाचं राहत नाही. आमच्याकडे गुप्तधनाच्या गोष्टींना तोटा नाही, गोंड राजांचं नाव जोडलं की त्या आणखी खुलतात. गुप्तधनाच्या नावाने अघोरी पूजा-विधी करणाऱ्यांना २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो, आणि ताडोब्याच्या राखीव क्षेत्रात खणलं तर वनगुन्हा वेगळा. नांगराच्या फाळाला सरळपणे लागलेल्या वस्तूसाठी १८७८ चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही जमिनीतून निघालं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. न कळवता आटवून टाकलं तर सापडवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं आणि मूळ मालक कुणी निघाला नाही, तर वस्तू सापडवणाऱ्याकडे येऊ शकते. जागेच्या मालकाने हक्क सांगितला तर कायद्यातली साधारण वाटणी तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि एक जागेच्या मालकाला. सरकारला ती ठेवायची झाली तर धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा देऊन घेता येते, म्हणजे सराफाच्या घटीपेक्षा बरा सौदा. नोटिशीत वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कुठे सापडली आणि कोणत्या तारखेला, एवढंच लिहायचं असतं. टंच लिहायची अट कायद्यात नाही.